काडेपेट्यांचा नकाशा

“तोंड उगवतीला, पाठ मावळतीला. आता सांगा, कुठला हात कुठे गेला?”

अंगणात दोघा भावंडांना उभं करून वडील विचारायचे. बहीण चटकन सांगायची. भाऊ मात्र दर वेळी भलतीकडेच तोंड करून उभा राहायचा, आणि वडिलांच्या लक्षात यायच्या आत बहीण त्याला खांद्याला धरून हळूच वळवायची.

वडिलांचा तो आवाज आज त्याच बहिणीच्या, म्हणजे बाईंच्या, गळ्यातून येत होता. दुसरीचा वर्ग फरशीभोवती कोंडाळं करून बसला होता. फरशीवर खडूने गाव काढलं होतं. मधोमध शाळा, तिच्या उजव्या हाताला लाकडाची वखार, डाव्या हाताला बसचा डेपो, खिडकीखाली बाजार. समुद्र पार दाराच्या उंबऱ्याशी. अंतराचं माप पोरांनीच ठरवलं होतं: आपली एक वीत म्हणजे मधली सुट्टी संपेपर्यंतची चाल.

ज्याचे बाबा जिथे कामाला, तिथे त्याने आपली रिकामी काडेपेटी रचायची. पेट्यांचे खांब उभे राहिले की कुठे किती माणसं राबतात ते न मोजताच दिसतं. अट एकच. पेटी खरी असेल तिथेच ठेवायची. एक जरी भलतीकडे गेली तर अख्खा खांब खोटं बोलतो. हे बाईंनी दोनदा बजावलं. खडू त्या दोन बोटांतच धरत होत्या; तळवा काचला होता.

बाजाराचा खांब बुटकाच राहिला. डेपो आणि वखार मात्र ईर्ष्येने वाढत गेले आणि बरोबरीला येऊन थांबले. शेवटची पेटी चिमीची होती. ती तिने उंबऱ्याशी नेली आणि आडवी ठेवली, जहाजासारखी.

चिमी बाईंच्या भावाची लेक. घरी आत्या म्हणायची, वर्गात बाई. तिचे बाबा जहाजावर गेलेत, असं घरात ठरलं होतं. दर रविवारी बाईच भिंतीवरच्या नकाशात कागदाची होडी बोटभर पुढे सरकवत, आणि चिमी नव्या बंदराचं नाव घोकत बसायची. भूगोलात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. फक्त शाळेची वाट तिला लांबची ठाऊक होती. वखारीच्या गल्लीत कुत्री अंगावर येतात, म्हणून आत्या तिला रोज वळसा घालून आणायची.

“बाई, ती पेटी आमची आहे,” वखारवाल्याची ठमी उठून म्हणाली. “चिमीचे बाबा आमच्याकडे करवतीवर असतात. मागच्या खोलीत राहतात. परवाच माझ्या बाबांनी त्यांच्या बाळाला पाळणा करून दिला.”

ठमीच्या मनात काही नव्हतं. तिला फक्त आपला खांब डेपोच्या वर गेलेला हवा होता. डेपोवाले लगेच चवताळले. हा रडीचा डाव आहे म्हणाले, एकदा ठेवलेली पेटी हलवायची नाही म्हणाले. एका माणसाला समुद्रावर आणि वखारीत एकाच वेळी कसं राहता येईल, यावर दोन मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. मग सगळी तोंडं बाईंकडे वळली. चिमीचंही.

“बाई, कुठे ठेवू?”

‘समुद्रावरच’ एवढा एक शब्द पुरला असता. बाई म्हणतील ते खरं, हे ठमीसुद्धा मानत होती. बाईंचा हात उचललाही गेला, कुणाला तरी खांद्याला धरून वळवावं तसा. मग तो खाली आला.

“वखारीत.”

चिमीने उंबऱ्यावरची पेटी उचलली आणि वखारीच्या खांबावर नीट बसवली. खांब डेपोच्या वर गेला. वखारवाल्यांनी टाळ्या पिटल्या. चिमी गुडघ्यांवर बसली, अंगठा शाळेवर टेकवला आणि शिकवल्याप्रमाणे हात ताणला. करंगळी वखार ओलांडून पलीकडे गेली.

“वीतसुद्धा भरत नाही,” ती म्हणाली.

ती तशीच बसून राहिली, हात न उचलता. त्या गल्लीत कुत्री नाहीतच ना, असं तिने जमिनीकडे बघतच विचारलं. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. मग चिमीने मान वर केली, आणि वर्गात पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला.

“आत्या, तू गेली होतीस तिकडे?”

बाईंनी काचलेला तळवा उघडून तिच्यापुढे धरला.

“पाळण्याची दोरी मीच बांधली.”