खंड्याची नजर

काकूच्या कुत्र्याचा, खंड्याचा फोटो ओतूरला नेऊन फ्रेम करायचा होता. त्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा वाईट दिसत होता, म्हणून मी तो काढून ओट्यावर ठेवला. कुत्र्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावा, एवढं पुण्यात शिकले होते. अंगणालगतच्या उसाकडे पाठ करून उकिडवी बसले. मधोमध खंड्या, मागे पायरी, सकाळचं तिरपं ऊन. जमलं होतं सगळं. पण तो मोबाइलकडे बघेना. चुटक्या वाजवल्या, बिस्कीट दाखवलं, तरी लक्ष माझ्या मागेच. एरवी पाखरावरसुद्धा भुंकणारा खंड्या आज गप्प होता. मी चिडून एकामागून एक फोटो काढत राहिले. तेवढ्यात दारातून काकू अगदी हळू म्हणाली, "संस्कृती, हुबी राहा. पळू नको." मी उठले. वारा नसताना मागचा ऊस सळसळला आणि शांत झाला. "खाली बसल्यालं मानूस बिबट्याला बकरूच वाटतं, पयली मानच धरतो," म्हणत काकूने ओट्यावरचा पट्टा उचलला आणि माझ्याच गळ्यात बांधला. तिच्या गळ्यात तसलाच एक होता. घरात येऊन, दार लावून, मी फोटो बघायला घेतले. पहिल्यात खंड्याची नजर माझ्या डाव्या खांद्यापलीकडे, पार बांधाकडे होती. दुसऱ्यात जरा अलीकडे. पुढच्या प्रत्येक फोटोत ती सावकाश माझ्याकडे सरकत होती. अकराव्यात, काकूच्या हाकेआधीच्या शेवटच्या फोटोत, तो थेट माझ्याकडे बघत होता, मला हवा होता अगदी तसा.