आठ गड्ड्यांचं गणित

असोद्याचे जीवरामआबा पत्त्यांच्या 'एकवीस' या खेळात कधी हरत नसत. त्यांचा जावई भूपेंद्र जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. दर रविवारी सासुरवाडीला भरिताचा बेत असे, आणि जो हरेल त्याने कापसाच्या काड्यांच्या धुरात बसून वांगी भाजायची, असा घरचा नियम होता. सगळा हिवाळा वांगी जावयानेच भाजली. ते बघून कुंदाबाईंना सासू म्हणून फार अवघडल्यासारखं व्हायचं.

शेवटी भूपेंद्रला कळलं, की आबा पडून गेलेले पत्ते लक्षात ठेवतात. त्यामुळे गड्डीत डाव जिंकून देणारे किती एक्के उरलेत, याचा त्यांना बरोबर अंदाज असतो. पुढच्या रविवारी तो एकदम आठ गड्ड्या घेऊन आला आणि सगळ्या एकत्र केल्या.

"आबा, आता हे चारशे सोळा पत्ते आहेत. ठेवा लक्षात."

आबांनी पत्ते पिसले. तासाभरात ते अकरा डाव जिंकले, तेही बहुतेक एक्क्याच्या जोरावर. इतके तर ते एका गड्डीतही जिंकत नसत.

भूपेंद्र पुन्हा जाळापुढे बसला. डोळे चोळत त्याने विचारलं, "आबा, एवढे पत्ते लक्षात राहिले तरी कसे?"

"नाही राहिले," आबा त्याच्याकडे वांग्यांची टोपली सरकवत हळूच म्हणाले.



"पन एका गड्डीत बदामाचे दोन एक्के निघाले तर मानूस लगेच पकडला जातो, जावई. आठ गड्ड्यांत नववा कोन मोजते?"