खालची ओळ

संगणकावरच्या खेळातलं ते गाव आज कायमचं बंद होणार होतं. मेल्यावर तिथे राहायला गेलेल्या सगळ्यांची नावं एका तक्त्यात होती, आणि त्यांना एकेक करून पुसणारा लूप, म्हणजे ओळीमागून ओळ फिरत जाणारा कोड, केतकीनेच लिहिला होता. तिचे आईबाबाही त्याच तक्त्यात होते, एकाखाली एक. तिने डोळे घट्ट मिटून बटण दाबलं.

डोळे उघडले, तर निम्मं गाव तसंच होतं. एक ओळ पुसली की खालची वर सरकते आणि लूप तिला ओलांडून पुढे जातो. नवशिक्याची चूक!

पडद्यावर आई चहाचे दोन कप घेऊन उभी होती.

"केतू, तुझे बाबा आत्ता इथेच बसले होते गं. कुठे गेले?"

"बघते हं, आई," म्हणत केतकी लूप दुरुस्त करू लागली.