तीस कॅन समुद्र

"डबा आडवा करू नको, बिलाल! सरळ धर, सरळ!"

गाडी पुरती थांबलीही नव्हती, तरी मुखरू तिच्या बरोबरीनं बल्लारशाहच्या फलाटावर धावत होता. कागद कारखान्यातून रिटायर झालेला साठीचा फिटर, पण आज त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बिलाल या गाडीच्या पॅन्ट्रीत कामाला. चेन्नईहून येताना दर आठवड्याला तो समुद्राच्या पाण्याचे दोन निळे कॅन दारातून खाली द्यायचा आणि रिकामे वर घ्यायचा. आज शेवटचे दोन कॅन होते. शिवाय थर्माकोलच्या डब्यात, तिथल्या शोभेच्या माशांच्या दुकानानं पाठवलेले दोन मासे आणि एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव.

"जिते आहेत का?" मागून त्याची बायको अंजनाबाई ओरडली.

"मी उघडून नाई पाह्यलं, बाई."

आदल्या वर्षी नागपूरला अंजनाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा समोर दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचपेटी होती. आत खडक, नारिंगी मासे, वाऱ्यावर डोलावीत तशी डोलणारी समुद्रफुलं. ती तासभर तिथून हलली नाही. "अवो, असं आपल्या घरी पाह्यजे," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं काही मागितलं असेल तर एवढंच.

किंमत ऐकून मुखरूचा चेहरा उतरला. पण घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं चालू झालं होतं. "पानीच फिरवाचं आहे ना? जनमभर कारखान्यात दुसरं काय केलं?"

बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाची जाड काच त्यानं मिळवली. फिरत्या पाण्यासाठी कूलरचे दोन पंप लावले. समुद्री मिठाची पाकिटं परवडेनात, म्हणून समुद्रच रेल्वेनं आणायचं ठरलं. पोवळ्याचे खडक समुद्रातून तोडून आणायला बंदी, म्हणून सिमेंटात शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ कालवून त्यानं खडक ओतले. मीठ विरघळलं की खडकाला हजार भोकं पडायची. मग ते महिनाभर पाण्यात मुरवायचे. सहा फुटांची पेटी भरायला तीस कॅन, म्हणजे पंधरा आठवडे. एकही आठवडा बिलाल चुकला नाही.

तेवढ्यात घोषणा झाली. पुढे मालगाडी अडकली होती, दोन तास गाडी हलणार नव्हती. अंजनाबाईनं बिलालचं मनगटच धरलं. "चाल, घर इथीच मागं आहे. आपला समुद्र पाहाले चाल!"

शेवटचे कॅन ओतले आणि पाणी काठाशी आलं. माशांची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. मासे नव्या पाण्याला सरावावेत म्हणून मुखरू तिच्यात पेटीतलं कप-कप पाणी घालत होता. खिडकीत, दारात गल्ली गोळा झाली. "दम धरा, दम धरा," असं तो सगळ्यांना बजावत होता आणि स्वतःच दर मिनिटाला घड्याळ पाहत होता.

शेवटी पिशवी उलटी केली. एक मासा सुळकन खडकाआड गेला. दुसरा गटांगळी खात तळाशी गेला आणि आडवा पडला.

अंजनाबाईनं मुखरूची बाही घट्ट धरली.

माशाचा कल्ला हलला. शेपटी हलली. आणि तो असा उसळला की पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी रेघ उमटली!

"जिता आहे! जिता आहे!" गल्लीनं टाळ्या पिटल्या. कोपरापर्यंत ओल्या हातांनी मुखरू पोरासारखा हसत होता. खडकावर सोडलेल्या समुद्रफुलानं हळूच एकेक पाकळी उघडली.

बिलाल मात्र काचेला नाक लावून बसला होता.

"तुले काय नवल रे?" मुखरू म्हणाला. "तू त दर हप्त्याले समुद्रावर पानी भरते."

"भाऊ, मी समुद्र कधी पाह्यलाच नाई," बिलाल म्हणाला. "तिथी गाडी लागली का भांडे घासा, माल भरा, तवर निघाची वेळ. स्टेशनाच्या बाहेर जाताच येत नाई."

"मंग पानी कोन भरते?"

"स्टेशनावर पार्सलले मासे आणते ना, एक म्हातारी. पयल्या खेपेले तिले सांगतलं, आमच्या जंगलातल्या गावात एका बाईले घरी समुद्र पाह्यजे. लय हसली. पन तवापासून हातगाडीवर माशांसंग कॅन आणते. काई घेत नाई. दर खेपेले मोडक्या हिंदीत एवढंच विचारते, 'समुंदर कितना हुआ?'" त्यानं अंजनाबाईकडे पाहिलं. "आता जाईन तवा ती विचारन. काय सांगू, बाई?"

अंजनाबाई काचेपासून उठली.

"सांगू नको काई. गाडीत बसव अन् घेऊन ये तिले."