कुंपणापलीकडचा वेल

ब्लांकाने ग्लास रिकामा केला आणि पुन्हा कुंपणापलीकडे धरला.

“अजून थोडी द्या हो शेजारी. काय वास सुटलाय! यंदा तर कमालच केलीत.”

ओटाकर तिच्या मागेच उभा होता. बायको आपली, ग्लास आपल्या घरचा आणि बिअर त्या सिल्वेस्टरची! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याने स्वतः केलेली बिअर घरात बाटल्यांत भरून पडली होती. तिचा एक घोट घेऊन ब्लांकाने कालच तोंड वाकडं केलं होतं. “कडू झालीय रे ओटा,” एवढंच म्हणाली आणि उरलेली मोरीत ओतली.

आणि हा सिल्वेस्टर कोण? मोराव्हियाचा, द्राक्षांच्या मुलखातला माणूस. बिअरला कडवट चव आणि वास देणारा हॉप म्हणजे काय हे त्याला गावात येईपर्यंत धड माहीत नव्हतं. मावशी वारली, तिचं घर याला मिळालं आणि घराबरोबर परसातला हॉपचा जुना वेलही. लागला लगेच बिअर करायला! ओटाकर मात्र झाटेत्सच्या हॉपच्या मळ्यांत वाढलेला. हॉपची बोंडं खुडून खुडून त्याच्या बापाची बोटं कायमची पिवळी पडली होती. अशा माणसाच्या मुलाने त्या द्राक्षवाल्यापुढे हार खायची? सारी करामत त्या वेलाची, ओटाकरने ठरवून टाकलं होतं. त्या म्हाताऱ्या मावशीने कुठलं तरी दुर्मिळ वाण लावून ठेवलं असणार.

म्हणून तो दर वसंतात चोरी करायचा. बर्फ वितळलं, माती मोकळी झाली, की रविवारी सकाळी कुंपण ओलांडायचा. अख्ख्या गावात रविवारी चर्चला जाणारा माणूस एकच, सिल्वेस्टर. त्यामुळे परसात चिटपाखरूही नसायचं. ओटाकर गुडघ्यावर बसून वेलाचा गड्डा उकरायचा, बाजूला पसरलेली मुळं सुरीने कापायचा आणि पिशवीत भरायचा. चोरी करतानासुद्धा त्याच्या हाताचं वळण सुटत नसे. गेल्या वर्षीची वाळकी खुंटं तो साफ काढून टाकी, गड्ड्यावर माती लोटून हलकेच दाबी. कुणाला कळू नये म्हणून, दुसरं काय! घरी आणून मुळं लावायचा. वेलही झकास यायचे. पण बिअर उकळताना सिल्वेस्टरचं तोंड डोळ्यांपुढे येई आणि त्याचा हात आवरत नसे. तो टाकतो ना एक मूठ बोंडं? मग मी तीन टाकीन! बिअर कडूजहर होई. मग ओटाकर म्हणे, आपण मुळंच चुकीची उचलली. खरं ते आत, मधोमध असणार.

तिकडे सिल्वेस्टरचा वेल दरवर्षी आणखी माजत होता. आधी तो खिडकीपर्यंत पोचायचा, आता छपरावर गेला होता. बोंडं अंगठ्याएवढी. आणि बिअर मागच्या वर्षीपेक्षा सरस.

“दुसरा ग्लास!” ओटाकर हिवाळाभर मनाशी चरफडत राहिला. “माझी बायको माझ्यादेखत त्याच्याकडे दुसरा ग्लास मागते!”

या वसंतात त्याने सुरी घेतली नाही, कुदळ घेतली. न राहील वेल, न राहील बिअर. चर्चची घंटा वाजली तसा तो कुंपणावरून पलीकडे उतरला आणि जागीच थिजला. वेलाजवळ उलट्या बादलीवर सिल्वेस्टर बसला होता.

“या शेजारी, या,” सिल्वेस्टर उठत म्हणाला. “आज मुद्दाम नाही गेलो. म्हटलं, किती दिवस नुसतं गप्प राहायचं?”

कुदळ लपवायला जागा नव्हती.

“पहिल्यांदा मला वाटलं, घूस असेल,” सिल्वेस्टर म्हणाला. “पण घूस कधी माती नीट दाबून ठेवते का? मग मळ्यावरच्या लोकांना विचारलं. ते मला हसलेच! म्हणाले, अरे, हॉपची छाटणी मातीखाली करतात, दर वसंतात. नाही केली तर वेल रानटी होतो, बोंडं बारकी पडतात. आम्ही द्राक्षवाले, आम्ही वरून कापतो. मला काय ठाऊक? आणि तुम्ही अवाक्षर न बोलता दरवर्षी येऊन करून जाता. वर कचराही उचलून नेता!”

“कचरा,” ओटाकर पुटपुटला. बापाने लहानपणी त्याच्याकडून असे किती गड्डे साफ करून घेतले होते. छाटणी! या दोन हातांनी आपण दरवर्षी त्याच्या वेलाची छाटणी करत होतो!

“ब्लांकाबाईंना मी सांगून टाकलंय,” सिल्वेस्टर म्हणाला. “बिअर मी करतो, पण चव तुमच्या नवऱ्याच्या हातची.”

“मग? काय म्हणाली ती?”

“काही नाही. बराच वेळ हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.”

ओटाकरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“पण आता तुम्हाला त्रास नको,” सिल्वेस्टरने खिशातून द्राक्ष छाटायची कात्री काढली आणि वेलापाशी वाकला. “उगाच कुंपणं कशाला चढायची या वयात? यंदापासून मीच करीन म्हणतो. हे इथूनच कापायचं ना?”

हातातली कुदळ टाकून ओटाकर पुढे धावला आणि त्याने त्याला खांद्याने बाजूला ढकललं.

“सरका!” तो ओरडला. “माझ्या वेलाला हात लावायचा नाही!”