हद्दीतली बोट

युद्धनौकेवर तोफांचा सराव सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती आणि एक मच्छीमार बोट काही केल्या सरावाच्या हद्दीतून हलत नव्हती. मराठी येतं म्हणून नौसैनिक ललितला वायरलेसवर बसवलं. तेवीस दिवस जहाजावर सगळ्यांचे फोन बंद होते आणि घरी, दांडी गावात, त्याच्या बायकोचे दिवस भरले होते.

"बोट ताबडतोब हद्दीबाहेर न्या," तो म्हणाला.

"जाळं पान्यात हाय, साहेब. आमी नाय हलनार."

आवाज त्याच्या बापाचा होता. पण शेजारी अधिकारी उभा होता, आणि ठरलेल्या सूचनेपलीकडे एक शब्दही बोलायला सक्त मनाई होती. त्याने तीच सूचना पुन्हा दिली.

मग बापाचा आवाज एकदम मऊ झाला.

"साहेब, माझा पोरगा पन नेवीत हाय. भेटला तर सांगा, परवा त्याला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. मी जाळं तोडून निगतो."

"क्या बोला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"निकल रहा है, सर," एवढंच ललित बोलू शकला.