आपोआप सुरू होणारं

नंदुरबारच्या होस्टेलवर बाकीच्या मुलींचे वडील रोज फोन करून विचारायचे, काय करतेस, कोणाशी बोलतेस. काजलचे आप्पा धानोऱ्याहून कधीच काही विचारायचे नाहीत. दुकानातून लिनक्स ही सिस्टीम टाकून आणलेला लॅपटॉप देताना एवढंच म्हणाले होते, "मन्हा तुन्हावर भरोसा शे." काजल हे सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतो म्हणून आज तिने आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तपासले. त्यातला एक तिच्या ओळखीचा नव्हता. तिने तो बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. झटकन उघडला.

दुपारी आप्पांचा फोन आला.

"बेटा, तुन्हा लॅपटॉप बिघडना का? आज मन्हा मोबाइलवर काहीच दिखी नई ऱ्हायनं."